सुखरूप सुटका

रात्री पावणेअकराला मावसबहिणीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती सहसा फोन करत नाही. सातवा महिना लागलाय तिला, दुसरी खेप. आवाज एकदम खाली आणलेला.

"ताई, एक सांगते. पण आईला बोलू नकोस."

तिचं ठरलं होतं. या खेपेला दवाखाना नाही. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, सुईणसुद्धा नाही. घरीच, दार लावून, ती आणि तिचा नवरा. नाळेला लावायचा चिमटा तिने मागवून ठेवला होता. कात्री होती, धुतलेल्या जुन्या चादरी होत्या, पाण्याच्या टबाची चौकशी चालू होती. हे सगळं तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, आता ही फोन ठेवेल. तेवढ्यात ती म्हणाली, "मागच्या वेळी त्यांनी माझं जे केलं ना, ते परत होऊ देणार नाही मी." आणि मग रडली.

मी तिला वेडी म्हटलं नाही. म्हणू शकत नव्हते. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच ठरवलं होतं आणि नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं.

आपल्या भाषेत बाळंतपणाला सुटका म्हणतात. 'सुखरूप सुटका झाली' असा निरोप येतो. बाई मोकळी झाली, दोन जीव वेगळे झाले. जिचं पुढे सरकत नाही ती अडली. हे शब्द ज्या बायकांनी घडवले असतील, त्यांना बाळंतपणात काय काय होऊ शकतं ते पुरतं ठाऊक असणार. माझी पहिली सुटका झाली तेव्हा मात्र मला कळांमधून सुटल्यासारखं वाटलं नाही. त्या खोलीतून सुटले, असं वाटलं.

ते एक मोठं रुग्णालय होतं. कागदावर माझ्या बाळंतपणाची नोंद 'नॉर्मल' अशी आहे. कळा सुरू होऊन पाच तास झाले होते. मला उभं राहावंसं वाटत होतं, पुढे वाकून, पलंगाची कड धरून हळूहळू झुलावंसं वाटत होतं. तसं केलं की कळ अंगावरून निघून जायची. मला पाठीवर झोपवलं. सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. त्यानंतर दोन कळांमध्ये श्वास घ्यायलाही उसंत उरली नाही. आतून तपासायला किती जण येतात ते मी मोजत होते. चारनंतर मोजणं सोडलं. 'तपासू का?' असं एकानेही विचारलं नाही. नवरा दाराबाहेर. मी ओरडले तेव्हा पायाकडून एक आवाज आला, "आता ओरडून काय उपयोग?" बाळाची वाट मोठी करायला खाली छेद दिलाय, हे मला टाके घालायला लागल्यावर कळलं.

छेदाची जखम दीड महिन्यात भरली. ते वाक्य अजून भरलेलं नाही. त्या खोलीत सात-आठ माणसं होती आणि माझ्याजवळ कुणीच नव्हतं.

नंतर ज्याला त्याला सांगायचा प्रयत्न केला. सगळ्यांचं उत्तर एकच: "बाळ चांगलं आहे ना? मग झालं तर." हे उत्तर इतकं बरोबर आहे की त्यापुढे बोलताच येत नाही. बाळ चांगलंच होतं. मग मला रात्री त्या खोलीतल्या दिव्याची स्वप्नं का पडतात, हे विचारायला तोंडच उरलं नाही.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यापासून मी वाचायला लागले. बाहेरच्या देशांत याला मुक्त प्रसूती म्हणतात: कुणाच्याही मदतीशिवाय, ठरवून, घरी. मंद उजेडातले फोटो असत. पाण्यात गुडघ्यांवर बसलेली बाई, स्वतःच्याच हातांनी बाळाला वर घेणारी. तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते माझ्या चेहऱ्यावर कधीच आलं नव्हतं. मला त्या बायकांचा हेवा वाटला. हे मला लपवायचं नाही, कारण या हेव्यात काहीतरी खरं होतं. त्यांचं एक वाक्य सतत यायचं: बाईच्या शरीराला सगळं माहीत असतं. ज्या शरीराशी एखाद्या वस्तूसारखं वागलं गेलंय, त्याच्या कानावर हे वाक्य पडलं की डोळे भरून येतात.

त्याच दिवसांत मी व्हिएन्नाची हकीकत वाचली. १८४०च्या दशकात तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. आज आलेल्या बाया एका विभागात जात, उद्याच्या दुसऱ्यात. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११हून जास्त बाया बाळंतज्वराने गेल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. गावातल्या बायकांना हे माहीत होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. काही जणी वाटेत, रस्त्यावरच बाळंत होत आणि मग रुग्णालयात येत. त्या रस्त्यावर बाळंत झालेल्या बायकांना ताप कमी येई. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हे मनावर घेतलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात, हे त्याच्या लक्षात आलं. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाया जात होत्या, जूनमध्ये दोन.

म्हणजे डॉक्टरांच्या आधी बायकांना कळलं होतं. त्यांची भीती खरी होती, तिला येडेपणा म्हणणारे चूक होते. मी हे नवऱ्यापुढे हुकमाच्या पानासारखं टाकलं. त्याने सगळं वाचलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण त्या वाचल्या कशाने? हात धुतल्याने ना. विभाग बंद केल्याने नाही." मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, माझा सगळा घोळ एका गल्लतीतून आलेला होता. घरी बाळंत होणं आणि एकटीने बाळंत होणं या दोन गोष्टी मी एकच धरत होते. दोन्ही बाजूंचे लोक तसंच धरतात, म्हणून भांडण कधी संपत नाही. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून जास्त बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. कसलाही जादा धोका नसलेल्या बायका, काहींनी घर निवडलेलं, काहींनी रुग्णालय. ज्यांचं आधी एक मूल झालेलं होतं, त्यांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही आणि छेद, शस्त्रक्रिया असल्या गोष्टी घरी पुष्कळ कमी झाल्या. हे वाचून मी उडालेच होते; मी दुसऱ्या खेपेची. पहिलटकरणींचं चित्र वेगळं होतं. बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू, असं रुग्णालयात हजारात ५.३ वेळा झालं, घरी ९.३ वेळा. आणि घर निवडलेल्या शंभर पहिलटकरणींपैकी ४५ जणींना मधूनच किंवा बाळ झाल्या झाल्या रुग्णालयात हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या १२ जणींना.

तो ४५चा आकडा मी आधी अपयश म्हणून वाचला होता. तो त्या सुईणींच्या कसबाचा आकडा आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्या प्रत्येक घरात शिकलेली, परवाना असलेली सुईण होती. ती बाळाचे ठोके ऐकत होती, वेळ बघत होती, रक्त थांबवायचं औषध तिच्या पिशवीत होतं आणि पलीकडे एक रुग्णालय तिचा फोन उचलायला बसलेलं होतं. 'आता निघू या' हे तिने म्हणायचं होतं आणि तिने वेळेत म्हटलं. ज्या खोलीत सुईणच नाही, तिथे हे कोण म्हणणार? कळा देणारी बाई? कळा भरात आल्या की दिवस आहे की रात्र तेही कळत नाही. मला आठवतं, माझा मलाच माझा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

आणि खरोखर कुणीच नसलं तर काय होतं, याचीही एक नोंद आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक धार्मिक पंथ होता. गरोदरपणात आणि बाळंतपणात वैद्यकीय मदत म्हणून घ्यायचीच नाही, असा त्यांचा नेम. १९७५ ते १९८२ या काळातला त्यांचा हिशेब १९८४ साली छापून आला. जन्माच्या आसपास दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण राज्याच्या तिप्पट. आयांचं प्रमाण जवळजवळ शंभरपट. ३४४ बाळं जन्मली, त्यात ३ आया गेल्या. तीन हा आकडा लहान आहे, त्यावरून मोठी गणितं मांडू नयेत हे मला कळतं. पण त्याच राज्यात, त्याच वर्षांत, बाकीच्यांमध्ये एक लाख बाळंतपणांत साधारण ९ आया जात होत्या. आणि त्या तिघींच्या शरीरांनाही सगळं माहीतच असणार.

मला ज्याने थांबवलं ते मात्र हे आकडे नव्हते. ते वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडण्याविषयीचं वाचन होतं.

बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे जातात. त्या फोटोंतही तसंच असतं, चित्र तिथे संपतं. आईच्या जिवाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असतं. वार सुटते तेव्हा तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्या राहतात. त्या बंद करायचं मुख्य काम गर्भाशयाचे स्नायू करतात. आडव्यातिडव्या विणलेले ते धागे आवळले जातात आणि प्रत्येक वाहिनीची मान जणू मुठीत धरतात. पोटावर हात ठेवला तर नारळासारखा घट्ट गोळा लागतो. कधीकधी तो घट्ट होत नाही. दमलेला असतो, किंवा वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, किंवा काहीच कारण सापडत नाही. सगळं गरोदरपण नीट गेलेल्या बाईलाही हे होतं. मग जे करायचं ते मिनिटांत करायचं असतं: पोटावरून गोळा चोळायचा, गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, वार पुरती आलीय का ते बघायचं, आत काही फाटलंय का ते बघायचं. जगात बाळंतपणात ज्या बाया जातात, त्यांत सगळ्यात जास्त याच कारणाने जातात.

अलीकडे, २०२३मध्ये, या बाबतीत एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियामधली ८० रुग्णालयं. निम्म्या ठिकाणी बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली एक पिशवी लावली; रक्त तिच्यात जमतं आणि किती गेलं ते सरळ वाचता येतं. रेषेच्या वर गेलं की सगळे उपचार एकदम सुरू. तिथे गंभीर रक्तस्रावाचे परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. पण माझ्या मनात घर करून बसली ती दुसऱ्या निम्म्या ठिकाणची गोष्ट, जिथे नेहमीच्या पद्धतीने, नजरेने अंदाज घेत होते. तिथे धोक्याचा रक्तस्राव साधारण निम्म्याच वेळा ओळखला गेला. बघणारे कोण? रोज हेच काम करणारे सुईणी आणि डॉक्टर.

हा प्रयोग माझ्या बाळंतपणानंतरचा आहे. तेव्हा मला एवढंच समजलं होतं की रक्त डोळ्यांना फसवतं. तेवढं पुरलं. मी आमच्या झोपायच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि डोळ्यांपुढे आणलं: मंद दिवा, गडद रंगाचे टॉवेल, टबातलं पाणी, त्यात मिसळलेलं रक्त. नवऱ्याच्या हातात बाळ, त्याचे डोळे भरलेले, तो बाळाकडे बघतोय. मी म्हणते, मला गरगरतंय. तो म्हणतो, दमली असशील, पड जरा.

त्याच्यावर मी हे कसं टाकणार होते? ज्या माणसाने आयुष्यात कधी कुणाची नाडी मोजलेली नाही, त्याच्या दोन हातांत मी दोन जीव देणार होते आणि वर त्याला विश्वास म्हणणार होते. बाळ रडलं नाही तर काय, हेही त्याच्यावरच. विसांतल्या एखाद्या बाळाला पहिला श्वास पिशवी आणि मास्कने द्यावा लागतो, आणि तो पहिल्या मिनिटातच.

शेवटी मी दुसरी डॉक्टर शोधली. सहज सापडली नाही. मला काय हवं, काय नको ते मी एका कागदावर लिहिलं होतं. दोघांनी तो न वाचताच परत दिला. तिसरीने वाचला. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात नवरा पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळ होता. मी उभी होते, मग ओणवी, मग गुडघ्यांवर. सिस्टर थोड्या थोड्या वेळाने ठोके ऐकायची आणि ऐकण्याआधी माझ्याकडे बघायची. पावणेचार तास. छेद नाही, टाका नाही. बाळ छातीवर आलं, नाळ जरा वेळाने कापली, मांडीत एक इंजेक्शन बसलं, ते मला कळलंसुद्धा नाही. कुणीतरी पोटावर हात ठेवून म्हणालं, "छान घट्ट आहे."

काहीही बिघडलं नाही. हे मला नीट सांगायचं आहे, कारण अशा लेखात इथे काहीतरी भयंकर घडतं आणि लिहिणारीचा निर्णय बरोबर ठरतो. तसं काही झालं नाही. ते बाळंतपण माझ्या खोलीत, माझ्या टबात, जसंच्या तसं झालं असतं. आणि मग आज मावसबहिणीने फोन केला असता तेव्हा मी तिला म्हणाले असते, कर बिनधास्त, शरीराला सगळं माहीत असतं, माझ्याकडे बघ. माझ्याजवळ फोटो असते. ती माझं ऐकून घरी राहिली असती. हा विचार आला की आजही अंगावर काटा येतो. ज्यांची रात्र वेगळी गेली, त्यांचे फोटो कुणी बघत नाही.

आणि तरीही, घरी एकटीने बाळंत व्हायचं म्हणणाऱ्या बाईला जे बेजबाबदार म्हणतात, त्यांचा मला फार राग येतो. ती कशापासून पळतेय ते एकदा तरी विचारा. तिला जे हवंय ते औषधाच्या विरुद्ध नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत हेच सगळं आहे: बाईला हवं ते माणूस जवळ असू द्या, तिला हव्या त्या स्थितीत राहू द्या, सरसकट छेद देऊ नका, गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असा धोशा लावून कळा वाढवू नका. सोबतीवर तर २६ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आहे. पूर्णवेळ जवळ कुणी असलं की शस्त्रक्रिया कमी होतात, कळांचा काळ थोडा घटतो, आपोआप बाळंत होणाऱ्या बायका वाढतात. म्हणजे माझ्या नवऱ्याला दाराबाहेर उभं करणं ही नुसती कठोर वागणूक नव्हती, ती वैद्यकीय चूकही होती. 'आता ओरडून काय उपयोग' म्हणणाऱ्या त्या व्यक्तीला कदाचित आठवतही नसेल. पण त्या एका वाक्याने मला दवाखान्याच्या दारापासून कितीतरी लांब नेलं होतं. त्या अंतरात मी मेले असते, तर कागदावर कारण रक्तस्राव असं लागलं असतं.

रविवारी मी मावसबहिणीकडे गेले. जाताना पाठ केलेलं सगळं विसरून जायचं ठरवलं. तिला म्हटलं, मागच्या वेळचं मला सांग, कळा सुरू झाल्या तिथपासून. तिने दोन तास सांगितलं. मधे एकदा थांबून म्हणाली, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं ताई." तिचा मोठा मुलगा येऊन मांडीवर झोपला, त्याचे केस ती कुरवाळत होती आणि त्याच्याच जन्माची गोष्ट अगदी हळू आवाजात सांगत होती.

शेवटी मी तिला एकच गोष्ट विचारली. "वार पडल्यावर तुझ्या पोटावर हात कोण ठेवणार?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "मला नाही जमणार गं. मी हे आधी बोलायला पाहिजे होतं."

तिने लगेच मन बदललं असं नाही. नाळेचा चिमटा अजून तिच्या कपाटात आहे. पण कागद तयार झाला, नऊ मुद्द्यांचा, आणि परवा आम्ही तिघं एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. दोन मुद्द्यांवर त्या अडल्या, सलाईनची सुई हाताला लावूनच ठेवावी लागेल म्हणाल्या, का ते सांगितलं. वाद झाला. बहीण हट्टाने बोलत होती, मला बरं वाटत होतं. बाकी सात त्यांनी फाईलला लावले. पहिला मुद्दा बहिणीने ठळक अक्षरांत लिहिला होता: हात लावण्याआधी मला विचारायचं.

बाई उठल्या, हात धुतले, टेबलाजवळ आल्या आणि थांबल्या.

"पोट तपासू का?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. आणि पदर बाजूला केला.